भूछत्र आणि आमचें लेखन

मृग सरून आर्द्रा लागल्या कीं आमच्या नियतकालिकांतून भूछत्रासंबंधीं दोन प्रकारचें लेखन हटकून दृष्टीस पडतें. पहिला प्रकार अलंकाराचा. कोणास नव्या शिकवणीवर्गांचा राग आलेला असतो, कोणास नव्या राजकीय पक्षांचा, कोणास नव्या कवींचा; आणि त्या सर्वांस ‘कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणें उगवलेले’ असें एकच विशेषण बहाल करण्यांत येतें. दुसरा प्रकार उपदेशाचा. शहरांतला मनुष्य सुटीच्या दिवशीं चिखलदऱ्यास जातो, पावसानें भिजलेल्या झाडींत पांढरीं शुभ्र छत्रें पाहून त्याच्या तोंडास पाणी सुटतें, आणि विषारी छत्री कशी ओळखावी हें चार ओळींत शिकविणारा मजकूर त्याच्या वाचनांत आधींच आलेला असतो. पहिल्या प्रकारानें भाषेची हानि होते. दुसऱ्यानें प्राणाची होऊं शकते. दोहोंच्या मुळाशीं दोष एकच आहे. लेखकानें वस्तु न पाहतां वस्तूविषयीं लिहिलेलें असतें. तो दोष उघड करून दाखवावा, एवढ्याचसाठीं आम्हीं हा लेख हातीं घेतला आहे.

कसोटीस आम्हीं मेळघाट घेतला आहे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस गाविलगडाच्या डोंगरांत वसलेले चिखलदरा व धारणी हे तालुके, आणि त्यांस लागून अकोट तालुक्यांतील नरनाळ्याचा डोंगर, एवढ्या मुलुखांत सातपुड्याचें सागवानी रान अद्याप टिकून आहे. त्याच्या पायथ्याशीं पयनघाटाची काळी, कपाशीची जमीन सुरू होते. वरच्या रानांत कोरकू लोकांची वस्ती. त्यांची भाषा मुंडा कुळांतली. मराठीशीं तिचें रक्ताचें नातें नाहीं, शेजाराचें आहे. रॉबर्ट गॉर्डन वॉसन आणि त्यांची रशियन पत्नी व्हॅलेन्टिना या दांपत्यानें १९५७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत जगांतील लोकांचे अळंब्यांवर प्रेम करणारे आणि अळंब्यांस भिणारे असे दोन वर्ग कल्पिले आहेत. ते दोन्ही वर्ग पाहण्यास रशिया व इंग्लंड धुंडाळण्याचें वऱ्हाडी माणसास कारण नाहीं. परतवाड्याच्या पावसाळी बाजारांत ते समोरासमोर उभे असतात. एक पळसाच्या पानावर टेकोडे मांडून बसलेला, आणि दुसरा छत्री सांवरीत वाकून ‘खाल्ल्यानें कांहीं होणार तर नाहीं?’ असें विचारणारा.

आधीं उपमेकडे वळूं. ती आजकालची नाहीं, आणि आमच्या पुष्कळशा वाक्प्रचारांप्रमाणें इंग्रजीवरून उचललेलीही नाहीं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील ८४ व्या सूक्तांत, दान न देणाऱ्या माणसास इंद्र पायानें केव्हां चिरडील, असा प्रश्न आला आहे. आणि तेथें उपमान म्हणून ‘क्षुम्प’ हा शब्द योजिला आहे. यास्कानें निरुक्तांत त्याचा अर्थ ‘अहिच्छत्रक’, म्हणजे भूछत्र, असा दिला आहे. यास्काचा अर्थ प्रमाण धरला तर आमच्या वाङ्मयांत भूछत्राचा जो पहिला प्रवेश झाला तोच पायाखालीं तुडविण्याच्या लायकीची वस्तु म्हणून! पुढें मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायानें कांदा-लसणाच्या पंक्तीस ‘कवक’ बसवून तें द्विजांस वर्ज्य ठरविलें. खेड्यांतल्या ‘कुत्र्याची छत्री’ या नांवामागें तर जेथें कुत्र्यानें पाय वर केला तेथें ती उगवते, असा समज आहे. तिकडे इंग्रजींत मार्लोच्या ‘दुसरा एडवर्ड’ या नाटकांत राजाच्या मर्जीनें एकाएकीं वर चढलेल्या सोबत्यास त्याचे वैरी रातोरात उगवलेलें भूछत्र म्हणून हिणवितात. सारांश, हा तिरस्कार सार्वत्रिक आहे व जुना आहे. पण जुनेपणानें उपमा खरी ठरत नाहीं. ती खरी ठरते ती साधारणधर्मानें.

आतां येथें साधारणधर्म कोणता? आमच्या टीकाकारांच्या मनांत तीन गोष्टी असतात. एक, ही वस्तु अकस्मात् उगवते. दोन, तिला मूळ नसतें. तीन, ती कोठेंही उगवते. उकिरड्यावरच्या, सकाळीं उमलून सायंकाळीं काळी शाई होऊन गळणाऱ्या छत्रीस हे तीन धर्म वरवर पाहतां लागू पडतात, हें आम्ही मान्य करितों. परंतु तेथेंही जी दिसते ती छत्री म्हणजे केवळ फळ होय. तिचें खरें शरीर सूक्ष्म तंतूंच्या रूपानें शेणांत वा मातींत आधींपासून पसरलेलें असतें. आंबा वैशाखांत दिसला म्हणून झाड वैशाखांत उगवलें, असें कोणी म्हणत नाहीं.

आणि विदर्भांत ज्यास टेकोडे किंवा सात्या म्हणतात, कोंकणांत व गोमंतकांत ज्यास वारुळाच्या नांवावरून रोवणाचें अथवा रोयणीचें अळंबें म्हणतात, त्याच्याकडे पाहिलें म्हणजे ही उपमा साफ उलटी पडते. हें अळंबें कोठेंही उगवत नाहीं. त्याचें घर एकच, वाळवीचें वारूळ. वाळवीची एक जात वाळलेला पाला, काटक्या, लांकूड खाऊन वारुळांत आणते आणि तिच्या विष्ठेपासून स्पंजासारखा सच्छिद्र पोळा रचते. त्या पोळ्यावर ती एका बुरशीची लागवड करते; शेतकरी करितो तशीच, कारण दुसरी कोणतीही बुरशी त्या शेतांत माजूं नये अशी तिची राखण चालू असते. लांकडांतला जो कठीण भाग वाळवीस स्वतः पचवितां येत नाहीं तो ही बुरशी पचविते, आणि मोबदल्यांत आपल्या पांढऱ्या, मोहरीएवढ्या गोळ्या वाळवीस खाऊं घालते. हा संसार बारा महिने जमिनीखालीं अंधारांत चालतो. पाऊस जमिनींत मुरला, हवेंत उबदार ओल आली, म्हणजे त्या पोळ्यापासून एक मुळीसारखा दांडा मातीचे थर भेदीत वर निघतो. त्याच्या टोकास जें टणक बोंड असतें त्यानें तो वाट फोडतो. तेंच बोंड पुढें छत्राच्या मध्यावर टेंगळासारखें राहतें. आम्हांस सकाळीं जें ‘एकाएकीं’ उगवलेलें दिसतें त्याची तयारी वर्षभर चाललेली होती, त्यास हातभर लांब मूळ असूं शकतें, आणि तें बहुधा गेल्या वर्षीं जेथें होतें तेथेंच असतें. शास्त्रज्ञांच्या अनुमानाप्रमाणें वाळवीची व या बुरशीची सोबत सुमारें तीन कोटि वर्षांची आहे. ज्या संस्थेस हिणवावयाचें तिला आमचे टीकाकार या उपमेनें नकळत केवढी प्रतिष्ठा देतात, पहा!

या ज्ञानाचा इतिहासही आम्हांस परका नाहीं. लिनिअसचा शिष्य योहान गेरहार्ड केनिग यानें वाळवीवरील आपला निबंध १७७९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांतील निरीक्षणें तंजावरकडचीं आहेत, आणि तेव्हां तंजावरच्या गादीवर भोसले होते. पुढें १९४२ सालीं रॉजे हाइम या फ्रेंच पंडितानें या कुळास ‘टर्मिटोमायसीस’ असें नांव दिलें. त्यांतील दक्षिण हिंदुस्थानांत सांपडणाऱ्या एका जातीस १९७९ सालीं त्याच्याच नांवावरून ‘हाइमी’ हें उपपद मिळालें. मराठी राज्याच्या अंगणांत पाहिलेली वस्तु मराठी गद्यांत मात्र ‘कुत्र्याची छत्री’ होऊन राहिली.

आमच्याकडे पाहण्याची परंपराच नव्हती, असें मात्र कोणी समजूं नये. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, अन्नपानाच्या ४६ व्या अध्यायांत, या वर्गाचा विचार आला आहे. आणि तेथें वैद्यानें त्यास एका शब्दांत गुंडाळलें नाहीं. गवताच्या काडांत उगवणारें, उसाच्या चोथ्यांत उगवणारें, शेणांत उगवणारें, वेळूंत उगवणारें आणि भूमींत उगवणारें असे भेद करून प्रत्येकाचे गुण त्यानें निराळे सांगितले आहेत. मनूनें विचारलें, हें खावें कीं न खावें. सुश्रुतानें विचारलें, हें उगवलें कशावर. आमच्या मतें ओळखीची पहिली पायरी हाच दुसरा प्रश्न आहे, आणि आजचा शास्त्रज्ञही परडींत पडलेल्या छत्रीकडे पाहून प्रथम तोच विचारतो. दुर्दैव हें कीं सुशिक्षित मराठी समाजानें या बाबतींत मनूचा वारसा जतन केला आणि सुश्रुताचा टाकून दिला. मनूची आज्ञा त्यानें इतर पुष्कळ ठिकाणीं मोडली. बटाटेवड्याच्या चटणींत लसूण सुखानें नांदते. पण छत्रीकडे पाहावयाचेंच नाहीं ही संवय तशीच राहिली.

या संवयीचा परिणाम आमच्या वाङ्मयावरही झाला आहे. पक्ष्यांस मराठींत जाणता लेखक मिळाला. मारुती चितमपल्ली यांनीं वनाधिकाऱ्याच्या नोकरींत मेळघाटचें रान पाहिलें आणि ‘पक्षिकोशा’सारखें काम केलें. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’नें १९५६ सालीं फुलापानांकडे कसें पाहावें हें सुशिक्षित घरांस शिकविलें. परंतु मेळघाटाविषयीं जें सामान्य लेखन होतें त्यांत दोनच विषय आलटून पालटून येतात. १९७३-७४ सालीं व्याघ्रप्रकल्प झाल्यापासून वाघ, आणि १९९३ च्या सुमारास बालकांच्या मृत्यूंनीं महाराष्ट्र हादरला तेव्हांपासून भूक. दोन्ही विषय खरे आहेत आणि दुसरा तर लाजिरवाणा खरा आहे. तथापि त्या लेखनांतला कोरकू मनुष्य एक तर वाघाच्या वाटेंतला अडथळा असतो, नाहीं तर दयेचें पात्र. तो कांहीं जाणतो, आणि जें जाणतो तें आपणांस ठाऊक नाहीं, ही गोष्ट त्या लेखनांतून वाचकास क्वचितच उमगते. आषाढ-श्रावणांत, घरांतलें जुनें धान्य सरत आलेलें व नवें शेतांत उभें अशा दिवसांत, रानांतून आणलेली भाजी ही त्या घरांत चैन नसते.

आतां दुसऱ्या प्रकारच्या लेखनाकडे येऊं. येथें आमची लेखणी थोडी कठोर होणार आहे, कारण विषय पानांतल्या अन्नाचा आहे. न्यायशास्त्राचें प्राथमिक पुस्तक वाचलेल्या विद्यार्थ्यास लक्षणाचे तीन दोष ठाऊक असतात. लक्ष्याच्या कांहीं भागास लक्षण लागूच पडत नसेल तर अव्याप्ति. लक्ष्याबाहेरच्या वस्तूसही तें लागू पडत असेल तर अतिव्याप्ति. आणि लक्ष्यांत तें मुळींच नसेल तर असंभव. छत्रीच्या विषाचीं जीं लक्षणें आमच्या मजकुरांतून छापलीं जातात तीं या तिन्ही दोषांचीं जणूं उदाहरणें म्हणूनच रचलीं आहेत.

‘रंगीत छत्री विषारी, पांढरी निर्धोक’ हें त्यांतलें सर्वांत लोकप्रिय लक्षण. युरोपांत छत्रीच्या विषानें जे मृत्यु होतात त्यांपैकीं बहुतेक ‘अॅमनिटा फॅलॉइडिस’ या एका जातीमुळें होतात, आणि तिचा रंग फिकट हिरवट-पिवळसर, अगदीं साधा असतो. तिच्याच कुळांतली दुसरी एक घातकी जात तर शुभ्र पांढरी. इंग्रज तिला संहार करणारा देवदूत म्हणतात. ही झाली अव्याप्ति. उलटपक्षीं त्याच कुळांतलें एक नारिंगी रंगाचें अळंबें रोमन बादशहांच्या ताटांत मानानें वाढलें जात असे, आणि तें आजही इटालींत आवडीनें खातात. ही अतिव्याप्ति. ‘किड्यांनीं कुरतडलेली छत्री माणसासही चालते’ हें दुसरें लक्षण. गोगलगाय फॅलॉइडिस खाऊन खुशाल चालूं लागते; तिचें पोट म्हणजे आमचें पोट नव्हे. ‘विषारी छत्री कडू लागते’ असें तिसरें. ज्यांनीं फॅलॉइडिस खाल्ली आणि दैवानें जे वांचले त्यांनीं ती चवीस चांगली होती असेंच सांगितलें आहे.

आणि ‘शिजतांना भांड्यांत चांदीचें नाणें अगर लसणीची पाकळी टाकावी, तीं काळीं पडलीं तर विष समजावें’ हें लक्षण तर शुद्ध असंभवाचें. चांदी काळी पडते ती गंधकाच्या योगानें. यकृताचा घात करणाऱ्या विषाचा आणि चांदीचा परस्परांशीं कांहीं एक संबंध नाहीं. तरीही हें नाणें देशोदेशींच्या स्वयंपाकघरांतून शतकानुशतकें खणखणत आलें आहे. चांदीची साक्ष मोठी विश्वासाची वाटते हेंच त्याचें कारण असावें. शेवटचें आश्वासन असें, कीं चिंच-मीठ घालून भरपूर शिजविलें म्हणजे विष मरतें. कांहीं जातींचें विष आंचेनें नाहींसें होतें ही गोष्ट खरी. म्हणूनच हा समज टिकला. पण जें विष प्राण घेतें तें उकळल्यानें, तळल्यानें वा वाळविल्यानें जात नाहीं.

ज्या न्यायावर आमच्या सुगृहिणी भाताची परीक्षा करितात तो स्थालीपुलाकन्यायही येथें निरुपयोगी आहे. शीत दाबून पाहिलें म्हणजे भात कळतो, कारण हांडींतलीं सर्व शितें एकाच जातीचीं असतात. परडींतलीं छत्रें एका जातीचीं आहेत हें अगोदर कोणी ठरविलें? पन्नास ओळखीच्या टेकोड्यांत एक अनोळखी छत्री मिसळली तरी भाजी एकच होते.

असें असतां, जो रानांत राहतो तो इतकीं वर्षें जिवंत कसा राहिला? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस कोणत्याही छापील मजकुरांत मिळालें नाहीं. परतवाड्याच्या बाजारांत मिळालें. डोंगराकडून आलेल्या एका विक्रेतीस आम्हीं आमच्या पुस्तकी रीतीनें विचारलें, “बाई, विषारी कोणतं हें तुम्ही कसं ओळखतां?” ती टेकोड्यांवरची माती पुसतां पुसतां म्हणाली, “इखाचं मले काय ठाव, भाऊ? ज्याले मी वयखतो, त्येच आणतो. बाकीच्याले हात नाई लावत.”

या उत्तराचें जितकें मनन करावें तितकें थोडें आहे. आमचा सुशिक्षित वाचक विषाचें लक्षण मागतो. तें एकदां मिळालें कीं उरलेलें सारें रान आपल्या भाजीस मोकळें, अशी त्याची समजूत असते. रानांतली बाई विषाच्या वाटेसच जात नाहीं. तिला चार-सहा जाती ठाऊक असतात. पण त्या कशा? शेजारणीस आपण ओळखतों तशा. शेजारीण ओळखतांना आपण नाक सरळ, कपाळ रुंद अशी यादी करीत नाहीं. चालीवरून, आवाजावरून, ती कोणत्या दारांतून बाहेर पडली यावरून ओळखतों. हें अळंबें कोणत्या वारुळाचें, कोणत्या पावसानंतर आलें, माती कशी तडकली होती, कळी असतांना कसें होतें आणि उमलल्यावर काठ कसा फाटला, वास कसा, मोडल्यावर दांडा कसा, हें सारें तिच्या ‘वयखींत’ येतें. आमच्या मराठींत लक्षण आणि ओळख हे दोन शब्द आहेत. छापील मजकूर पहिल्यावर थांबतो. काव्याच्या परीक्षणांतही आम्हांस हाच अनुभव आहे. वृत्त बरोबर, यमक बरोबर, सर्व लक्षणें जुळलेलीं, आणि काव्य मात्र नाहीं, असे किती संग्रह आमच्या टेबलावर येऊन पडतात! पण तेथें फार तर वाचकाची एक सायंकाळ फुकट जाते.

तिच्या कामाची एक रीत आम्हीं विशेष ध्यानांत ठेविली. ती अळंबें जमिनीलगत कापीत नाहीं. काडीनें भोंवतालची माती सैल करून लांब मुळीसकट काढते. शहरांतला हौशी मनुष्य वर दिसतें तेवढेंच खुडून पिशवींत टाकतो, आणि तेथेंच ओळखीचा सर्वांत मोठा पुरावा मातींत सोडून येतो. टेकोड्याची वारुळापर्यंत गेलेली मुळी जमिनींत असते. अॅमनिटा कुळाच्या बुंध्याशीं जी पातळ पिशवी वा वाटी असते तीही जमिनींतच असते. म्हणजे जिला पाहून खावें तीही खालीं आणि जिला पाहून पळावें तीही खालीं! छत्राचें नुसतें चित्र छापून त्याखालीं ‘खाण्यास योग्य’ असें लिहिणाऱ्या संपादकांनीं एवढें तरी लक्षांत घ्यावें.

तथापि रानांतल्या ओळखीचें आम्ही देव्हारें माजविणार नाहीं. अलीकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून रानभाजी महोत्सव भरतात, ते चांगलेच आहेत; पण त्यांच्या वृत्तांतांतून ‘आदिवासींचें ज्ञान कधीं चुकत नाहीं’ असा जो सूर निघतो तो तितकाच अविचाराचा आहे. ही ओळख स्थळाशीं बांधलेली असते. २०२२ सालच्या एप्रिल महिन्यांत आसामांत रानटी छत्र्या खाऊन थोड्याच दिवसांत १३ माणसें मेलीं; तीं बहुतेक चहाच्या मळ्यांच्या भागांतलीं होतीं, आणि रानांतून भाजी आणणें त्या भागांत नवें नाहीं. आग्नेय आशियांतून कॅलिफोर्नियांत जाऊन राहिलेल्या लोकांनीं तेथील फॅलॉइडिसला आपल्या देशांतली, भाताच्या पेंढ्यावर उगवणारी खाण्याची छत्री समजून खाल्ल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. त्यांची ओळख खोटी नव्हती. ती दुसऱ्या देशाची होती.

हाच धोका आमच्या घरांतही आहे. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यांतून जीं गांवें उठविण्यांत आलीं त्यांपैकीं कोहा, कुंड, बोरी हीं २००० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अकोटच्या बाजूस, सपाटीवर येऊन बसलीं. मागाहून आणखीही आलीं. पुनर्वसनाच्या चर्चेंत जमीन, घर, पैसा यांचा हिशेब होतो, आणि तो व्हावयासच पाहिजे. परंतु ज्या मुलीस आजीनें डोंगरावरचें एकेक वारूळ दाखविलें असतें तिला काळ्या मातीच्या मुलुखांत, कॅनॉलच्या काठीं व बंगल्यांच्या हिरवळीवर, पावसानंतर मोठीं पांढरीं छत्रें दिसूं लागतात, आणि या नव्या शेजाऱ्यांची ओळख करून देणारें तेथें कोणी नसतें. तिचा वारसा हिशेबाच्या कोणत्याही रकान्यांत बसत नाहीं.

त्या हिरवळीवरच्या पाहुणीविषयीं दोन शब्द सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. तिचें शास्त्रीय नांव ‘क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस’. ती उष्ण मुलुखांत जगभर, गवताळ जागीं पावसानंतर उगवते. कधीं वर्तुळाकार रांगेंत. छत्र वीतभर रुंद, पांढरें, त्यावर तपकिरी खवले; दांड्यावर कडें. कोवळेपणीं तिचे छत्राखालचे पडदे पांढरेच असतात, आणि तेव्हां ती भल्याभल्यांस फसविते. जून झाली म्हणजे पडद्यांवर हिरवट झांक येते. ती खाल्ल्यावर साधारण एक ते तीन तासांत जोराची ओकारी व ढाळ सुरू होतात. धडधाकट मनुष्य बहुधा वांचतो, लहान मुलाचें सांगवत नाहीं. सातपुड्याचें रान सागाचें. ज्या ओक व पाइन यांच्या मुळांशीं फॅलॉइडिस नांदते तीं झाडें या रानचीं नव्हेत. पण यावरून निर्धास्त होण्याचें कारण नाहीं. लेपिओटा कुळांतल्या कांहीं लहानखुऱ्या छत्र्यांत तेंच यकृतघातकी विष असतें, आणि त्यांस कोणत्याही झाडाच्या मुळाचा आधार लागत नाहीं.

त्या विषाची चाल मोठी कपटी आहे. पहिले सहा ते बारा तास, कधीं त्याहूनही अधिक, कांहींच होत नाहीं. मग ओकाऱ्या व ढाळ लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं रोग्यास बरें वाटूं लागतें, घरचे लोक नवस फेडण्याच्या गोष्टी बोलूं लागतात. आणि त्याच वेळीं आंत यकृत नासत असतें. म्हणून जेवणानंतर त्रास जितका उशिरां सुरू होईल तितकी भीति अधिक. उतार पडला असें समजून घरीं बसूं नये. रोग्याबरोबर उरलेली छत्री, किंवा निवडून टाकलेलीं देठें-बुंधे, डॉक्टरांकडे न्यावे.

आमच्या लेखकबंधूंस आमची विनंति एवढीच आहे कीं या विषयावर लिहावयाचें तर चांदीच्या नाण्यास रजा द्यावी आणि एकेका जातीवर लिहावें. जाणत्या कोरकू बाईबरोबर श्रावणांत चार दिवस फिरावें. ती काय म्हणते तें तिच्या भाषेंतल्या नांवासह टिपावें. तीच वस्तु अमरावतीच्या विद्यापीठांत अगर अकोल्याच्या कृषि विद्यापीठांत जाणत्यांस दाखवून शास्त्रीय नांवाशीं ताडून पाहावी. असा एक लेख शंभर सूचनांस भारी होईल. ज्यांस अळंब्यांची केवळ चव हवी आहे, त्यांस लागवडीची धिंगरी बाजारांत मिळते. ती टेकोड्याच्या गोडीस पोंचत नाहीं हें आम्हांसही कबूल आहे.

आणि ज्यांस घरीं बसून अळंब्याचें परीक्षणच करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं एक सोपा प्रयोग आहे. तो मुलांसही आवडतो, मात्र नंतर हात स्वच्छ धुवावे. उमललेल्या छत्रीचा दांडा कापून छत्र पडद्यांकडून कागदावर पालथें ठेवावें. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा असावा. वर वाटी झांकून रात्रभर राहूं द्यावें. सकाळीं कागदावर बीजाणूंचा सुबक, किरणांसारखा ठसा उमटलेला दिसतो. वारुळाच्या टेकोड्याचा ठसा गुलाबी छटेचा असतो, अॅमनिटाचा पांढरा, हिरवळीवरच्या त्या पाहुणीचा हिरवट. हिरवा ठसा दिसला तर कढई चुलीवर चढवूंच नये. गुलाबी दिसला म्हणून चढवावी, असेंही मात्र नव्हे. एंटोलोमा नांवाचें एक विषारी कुळ आहे, त्याचाही ठसा गुलाबीच पडतो.